वाफ, वेग आणि सर चार्ल्स पार्सन्स

बी.ए. द्वितीय वर्ष

चंद्रपूर जिल्ह्याची ओळख करून देताना आपण ताडोब्याचे वाघ सांगतो, कोळशाच्या खाणी सांगतो आणि वीज सांगतो. दुर्गापूरच्या औष्णिक विद्युत केंद्राचा पहिला संच १९८३ मध्ये सुरू झाला आणि पुढे त्या केंद्राची गणना राज्यातील सर्वांत मोठ्या औष्णिक केंद्रांत होऊ लागली. कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते आणि वाफेपासून वीज होते, एवढे आपण शाळेत पाठ केलेले असते. पण वाफ आणि वीज यांच्यामध्ये एक यंत्र उभे असते, त्याचे नाव टर्बाइन. ते आजच्या रूपात ज्याने घडवले त्या माणसाचे नाव मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कानावर आलेले असते. तो माणूस म्हणजे सर चार्ल्स अल्गर्नन पार्सन्स.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. यंत्रांशी माझा तसा काही संबंध नाही. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. पण माझे मामा एका वीजघरात हेल्पर म्हणून लागले आणि टर्बाइनचे ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. पोळ्याला ते घरी आले की त्यांच्या बोलण्यात टर्बाइन हटकून यायचेच. विशेषतः एका चाचणीबद्दल ते असे बोलत, की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यावा. त्या चाचणीचे कुतूहल मनात धरून मी वाचत गेले आणि वाचता वाचता पार्सन्स यांच्यापर्यंत पोहोचले.

पार्सन्स यांचा जन्म १३ जून १८५४ रोजी लंडनमध्ये झाला. वडील विल्यम पार्सन्स हे रॉसचे तिसरे अर्ल, आयर्लंडमधील मोठे जमीनदार आणि त्याहून मोठे खगोलशास्त्रज्ञ. बर येथील आपल्या वाड्याच्या आवारात त्यांनी ७२ इंच व्यासाच्या आरशाची दुर्बीण उभारली होती. १८४५ मध्ये पूर्ण झालेली ही दुर्बीण पुढे कित्येक दशके जगातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. तिचा आरसा वाड्यातच ओतला आणि वाड्यातच घासला. आई मेरी छायाचित्रणात निष्णात होत्या. अशा घरातला हा धाकटा मुलगा शाळेत कधी गेलाच नाही. शिकवायला शिक्षक घरी येत, आणि त्यांतले एक रॉबर्ट बॉल पुढे स्वतःच नामांकित खगोलशास्त्रज्ञ झाले. भट्टी, लेथ, हातोडे यांनी भरलेली वडिलांची कार्यशाळा हीच चार्ल्सची खरी शाळा.

येथे मनात आलेले सांगून टाकते. थोरांची चरित्रे वाचताना आपण त्यांचे कष्ट तेवढे मोजतो आणि त्यांच्या अंगणात काय काय होते ते मोजायचे विसरतो. चार्ल्सच्या अंगणात जगातली सर्वांत मोठी दुर्बीण होती. आमच्या अंगणात धान वाळत असते. बुद्धी दोन्हीकडे असू शकते, पण लेथ एकीकडेच असते. हे म्हटल्याने पार्सन्स यांचा मोठेपणा कमी होतो असे मला वाटत नाही.

त्याच कार्यशाळेत वाफेवर चालणारी एक गाडीही तयार झाली होती. वडील १८६७ मध्ये वारले, त्यानंतरही मुले ती गाडी गावातून फिरवीत. ३१ ऑगस्ट १८६९ रोजी त्या गाडीवर चार्ल्स, त्याचा भाऊ, त्यांचे शिक्षक, आणि नात्यातील मेरी वॉर्ड व त्यांचे पती असे बसले होते. मेरी वॉर्ड सूक्ष्मदर्शकाने निरीक्षण करून चित्रे काढणाऱ्या आणि त्यावर पुस्तके लिहिणाऱ्या विदुषी होत्या. ज्या काळी विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती, त्या काळी त्यांनी हे नाव मिळवले होते. गाडी वळणावर आली, मेरीबाईंचा तोल गेला, त्या खाली पडल्या आणि लोखंडी चाक त्यांच्यावरून गेले. वय अवघे ४२. स्वयंचलित वाहनाच्या अपघातात मृत्यू आल्याच्या जगातील सर्वांत जुन्या नोंदींत ही नोंद गणली जाते. गाडीचा वेग माणूस भरभर चालेल एवढाच होता. पंधरा वर्षांच्या चार्ल्सने हे डोळ्यांदेखत पाहिले. ज्या मुलाने पुढे मिनिटाला हजारो फेरे घेणारी यंत्रे बनवली, त्याने वाफेचे हे रूप इतक्या लहानपणी पाहिले होते, ही गोष्ट वाचल्यापासून माझ्या डोक्यातून जात नाही.

पुढे डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज आणि नंतर केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज. १८७७ मध्ये गणिताच्या अवघड परीक्षेत ते अकरावे आले. अर्लच्या मुलाने एवढे शिकल्यावर एखादे मानाचे पद घेऊन बसावे अशी तेव्हाची रीत. पार्सन्स मात्र न्यूकॅसलजवळच्या आर्मस्ट्राँग यांच्या एल्सविक कारखान्यात उमेदवार म्हणून शिरले आणि कामगारांबरोबर हात काळे करू लागले. तेथून लीड्सच्या किटसन कारखान्यात गेले आणि पाणतीरावर प्रयोग केले. १८८३ मध्ये त्यांनी कॅथरिन बेथेल यांच्याशी विवाह केला आणि १८८४ मध्ये ते गेट्सहेडच्या क्लार्क-चॅपमन कंपनीत कनिष्ठ भागीदार झाले. त्याच वर्षी त्यांच्या टर्बाइनचा जन्म झाला.

त्यांनी नेमके काय केले ते मला समजले तसे सांगते. तोवरची वाफेची इंजिने दट्ट्यावर चालत. दट्ट्या मागे-पुढे होणार आणि त्यावरून चाक फिरणार. वीज निर्माण करायला मात्र फार मोठा वेग लागतो, तो या धक्काबुक्कीतून मिळेना. वाफेचा झोत सरळ पात्यांवर सोडावा तर अडचण अशी, की दाबाखालची वाफ एकदम सुटली की तिचा वेग भयंकर असतो आणि त्याचा फायदा घ्यायला चाकही तेवढ्याच भयंकर वेगाने फिरायला हवे. पार्सन्स यांनी वाफ एकदम सोडलीच नाही. आपल्या झाडीपट्टीत तलावाचे पाणी एका बांधीतून खालच्या बांधीत आणि तिथून आणखी खालच्या बांधीत उतरते. एकदम सोडले तर धुऱ्या फुटतील, पायरीपायरीने सोडले तर सगळे शेत भिजते. तसेच त्यांनी वाफेचा दाब पात्यांच्या अनेक ओळींतून थोडा थोडा उतरवला. प्रत्येक ओळीने आपला वाटा घ्यायचा आणि उरलेली वाफ पुढच्या ओळीला द्यायची.

१८८४ चे ते पहिले यंत्र अवघे साडेसात किलोवॉटचे होते. आज एखाद्या गिरणीची मोटरही त्याहून मोठी असते. पण ते मिनिटाला १८,००० फेरे घेई. एवढ्या वेगात फिरणाऱ्या वस्तूचा प्रत्येक कण बाहेर उडू पाहतो. त्या पहिल्या यंत्राच्या कडेवर हा जोर वस्तूच्या स्वतःच्या वजनाच्या सुमारे १३,००० पट होता. त्यामुळे पार्सन्स यांना टर्बाइनइतकेच त्याच्या बेअरिंगकडे, तेलाकडे आणि वेग आवरणाऱ्या गव्हर्नरकडे लक्ष द्यावे लागले. ते यंत्र लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये जपून ठेवलेले आहे.

भागीदारांशी मात्र त्यांचे पटले नाही. १८८९ मध्ये ते बाहेर पडले आणि न्यूकॅसलजवळ हीटन येथे त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. पण पेटंट जुन्या कंपनीकडे राहिले. स्वतःच शोधलेली रचना स्वतःलाच वापरता येईना. दुसरा एखादा वकिलांच्या दारात बसला असता. यांनी वाफ दांड्याच्या लांबीने नेण्याऐवजी मधून कडेकडे नेणारी वेगळीच रचना काढली आणि पेटंट परत मिळेपर्यंत, म्हणजे १८९४ पर्यंत, त्या रचनेवर काम भागवले. दरम्यान १८९० मध्ये न्यूकॅसल येथे केवळ टर्बाइनवर चालणारे पहिले सार्वजनिक वीजघर सुरू झाले होते.

१८९४ मध्ये त्यांनी टर्बाइनवर चालणारी बोट पाण्यात सोडली, टर्बिनिया. ही बोट पहिल्यांदा साफ फसली. अपेक्षा होती त्याच्या जवळपासही वेग जाईना. कोणीही टर्बाइनला दोष दिला असता. पार्सन्स यांनी तसे गृहीत धरले नाही. दांड्यावर किती जोर येतो हे मोजायला त्यांनी स्वतःच एक साधन बनवले आणि टर्बाइन आपले काम करीत आहे याची खात्री करून घेतली. मग दोष पंख्यात असला पाहिजे. त्यासाठी त्यांनी पाण्याने भरलेले, काच लावलेले एक लहान भांडे तयार केले, त्यात दोन इंचांचा पंखा फिरवला आणि दिव्याच्या लुकलुकत्या प्रकाशात पाहिले. पंखा अतिवेगाने फिरला की पाण्यात पोकळ्या निर्माण होत होत्या आणि पंख्याला रेटायला पाणीच मिळत नव्हते. तीन दांडे आणि प्रत्येकावर तीन, असे नऊ पंखे बसवल्यावर टर्बिनिया ताशी ३४ नॉट, म्हणजे सुमारे ६३ किलोमीटर वेगाने धावली. २६ जून १८९७ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवी आरमारी संचलनात ही चिमुकली बोट आगंतुकपणे युद्धनौकांच्या रांगांतून निघाली आणि पाठलाग करणाऱ्या बोटींना ती सापडेना. या प्रसंगाचे वर्णन सगळेच करतात. मला मात्र त्याआधीची काचेच्या भांड्यापुढची वर्षे अधिक मोलाची वाटतात.

यशाच्या मागोमाग दुःखही आले. व्हायपर आणि कोब्रा या दोन विनाशिका आरमाराच्या पहिल्या टर्बाइन-नौका. ऑगस्ट १९०१ मध्ये व्हायपर धुक्यात खडकावर आदळून गेली. पुढच्याच महिन्यात, १८ सप्टेंबरला, कोब्रा नव्या बंदराकडे नेली जात असता भर समुद्रात दोन तुकडे होऊन बुडाली. ६७ माणसे गेली. त्यांत पार्सन्स यांच्या कारखान्यातील त्यांची स्वतःची माणसेही होती. चौकशीत दोष नौकेच्या बांधणीचा ठरला, टर्बाइनचा नव्हे. पण माणसे गेली ती गेलीच. पार्सन्स काम करीत राहिले. १९०६ मध्ये ड्रेडनॉट ही युद्धनौका आणि १९०७ मध्ये मॉरिटेनिया व लुसिटेनिया ही प्रचंड प्रवासी जहाजे टर्बाइनवर निघाली. जमिनीवर १९०० मध्ये जर्मनीतील एल्बरफेल्डला १,००० किलोवॉटचे संच गेले आणि १९१२ मध्ये शिकागोसाठी २५,००० किलोवॉटचा संच तयार झाला. साडेसातवरून पंचवीस हजार, आणि तेही एका माणसाच्या हयातीत.

या सगळ्यात घरच्या स्त्रियांचे काम झाकले जाऊ नये असे मला वाटते. मुलगी रेचेल केंब्रिजला यंत्रशास्त्र शिकली. पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेल्यावर कारखान्यात हजारो स्त्रिया कामाला आल्या. युद्ध संपताच त्यांना घरी जायला सांगण्यात आले. तेव्हा १९१९ मध्ये रेचेल आणि तिची आई कॅथरिन यांनी इतर काही जणींसह स्त्री अभियंत्यांची संघटना स्थापन केली. एकुलता मुलगा १९१८ मध्ये युद्धात मारला गेला होता.

पार्सन्स यांच्या स्वभावाची आणखी एक खूण सांगते. त्यांनी कोळशाच्या द्रव्यापासून हिरा बनवण्याच्या प्रयोगांत कित्येक वर्षे आणि अमाप पैसा घातला. प्रचंड दाब दिला, प्रचंड उष्णता दिली. मधूनमधून हिऱ्यासारखे कण दिसतही. पण पुन्हा पुन्हा तपासून शेवटी त्यांनी जगाला सांगितले, की हिरा आपल्याला साधला नाही आणि इतरांनाही साधला असे दिसत नाही. आपल्याच हातचे काम परक्याच्या नजरेने तपासणारा हा माणूस होता. १९११ मध्ये त्यांना सर ही पदवी मिळाली, १९२७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट मिळाली. ११ फेब्रुवारी १९३१ रोजी, जमैका बेटाजवळ, डचेस ऑफ रिचमंड या जहाजावर त्यांचे निधन झाले. ते जहाज टर्बाइनवर चालणारे होते.

माणूस गेला, यंत्र मात्र वाढतच राहिले, आणि त्या यंत्राबरोबर त्याचे भयही. मामांची ती चाचणी याच भयातून जन्मलेली आहे. आपल्या देशात विजेची वारंवारिता ५० असल्याने मोठी टर्बाइन सहसा मिनिटाला ३,००० फेरे घेते. तिच्यावर जनित्राचा भार असतो तोवर ती बांधलेल्या बैलासारखी शांत. पण वीज वाहून नेणारी तार तुटली किंवा मोठा स्विच अचानक पडला, की भार एका क्षणात नाहीसा होतो. वाफ मात्र येतच असते. मग वेग एक-दोन सेकंदांतच धोक्याच्या रेषेला भिडतो. गव्हर्नरने आवरले तर ठीक. नाही आवरले तर शेवटचा पहारेकरी म्हणून आपोआप बंद करणारी यंत्रणा असते, तिला ट्रिप म्हणतात. जुन्या रचनेत ती अगदी गोफणीसारखी आहे. फिरत्या दांड्यात एक बोल्ट स्प्रिंगने धरलेला असतो. वेग ठरलेल्याहून साधारण दहा टक्के वाढला, की तो गोफणीतल्या दगडासारखा बाहेर येऊ पाहतो, एका खटक्यावर आदळतो, झडपा उघड्या धरणारे तेल निसटते आणि स्प्रिंगच्या जोराने वाफेच्या झडपा धाडकन बंद होतात. नव्या यंत्रांत हे काम इलेक्ट्रॉनिक साधने करतात, पण शेवटी बंद व्हायची असते ती झडपच.

आता अडचण अशी, की हा पहारेकरी वर्षानुवर्षे नुसता उभा असतो. वाफेतले क्षार झडपेच्या दांड्यावर बसतात, तेलात कचरा साठतो, आणि झडप उघड्या स्थितीतच चिकटून बसते. वर्षभर न हलवलेले कालव्याचे लोखंडी दार नेमके गरजेच्या दिवशी हलत नाही, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला सांगायला नको. फरक एवढाच, की चिकटलेल्या झडपेने टर्बाइन बंद पडत नाही. ती मजेत फिरत राहते आणि कोणाला काही कळत नाही. म्हणून चाचणी घ्यायची. पण किती दिवसांनी?

येथे एक साधा हिशेब आहे. झडप कोणत्याही दिवशी चिकटू शकते असे धरा. वर्षातून एकदा तपासली, तर ती चिकटलेली असताना आपण सरासरी सहा महिने निर्धास्त राहू. महिन्यातून एकदा तपासली तर पंधरा दिवस. मग रोजच का तपासू नये? कारण प्रत्यक्ष वेग वाढवून घेतलेली चाचणी फुकट नसते. वेग दहा टक्के वाढला की फिरत्या भागावरचा ताण एकवीस टक्के वाढतो. इंग्लंडच्या हिंकली पॉइंट अणुवीज केंद्रात १९ सप्टेंबर १९६९ रोजी नेमकी अशीच चाचणी चालू असताना टर्बाइनची एक चकती फुटली आणि संच उद्ध्वस्त झाला. चकतीत आधीपासून बारीक भेगा होत्या. चाचणीच्या ताणाने त्या उघड केल्या, पण फार मोठी किंमत घेऊन.

दुसऱ्या बाजूचे उदाहरण अमेरिकेतील सेलम केंद्राचे आहे. ९ नोव्हेंबर १९९१ रोजी तेथे संरक्षण यंत्रणेचीच एक तपासणी चालू असताना तेल सोडणाऱ्या विजेच्या छोट्या झडपा हलल्याच नाहीत. मिनिटाला १,८०० फेऱ्यांची टर्बाइन २,९०० च्या आसपास गेली, पाती कवच फोडून बाहेर पडली आणि आग लागली. शेजारच्या संचात तशाच झडपा आदल्या वर्षी बिघडलेल्या सापडल्या होत्या. या संचातल्या बदलायचे ठरलेही होते, पण ते काम पुढे ढकलले गेले होते. आणि या झडपा एकेकट्या तपासण्याची पद्धत नव्हती. चार जणांनी मिळून ओंडका उचलला की त्यात एकाने हातच लावला नव्हता हे कळत नाही, तसे ते झाले.

म्हणून जाणकार लोक एकच मोठी चाचणी वारंवार घेत नाहीत, तिचे तुकडे करतात. झडप थोडीशी हलवून पाहणे, हे आठवड्याला किंवा महिन्याला. बोल्टमध्ये तेल सोडून वेग न वाढवता तो बाहेर येतो का ते पाहणे, हे महिन्या-तिमाहीला. आणि खरोखर वेग वाढवून घ्यायची चाचणी वर्षातून एकदा किंवा मोठ्या दुरुस्तीनंतर. प्रत्येक निर्मात्याचे आणि प्रत्येक केंद्राचे आकडे वेगळे असतात, आणि ते असायलाही हवेत. ज्या यंत्राची वाफ स्वच्छ, तेल स्वच्छ आणि मागच्या चाचण्यांची नोंद निर्दोष, त्याला थोडी मोकळीक देता येते. ज्याची झडप एकदा जरी अडकली, त्याची मुदत त्याच दिवशी कमी केली पाहिजे. मला यात घातक वाटते ती एकच गोष्ट. विजेची मागणी जास्त आहे, संच थांबवता येत नाही, म्हणून चाचणी पुढच्या महिन्यावर टाकणे. मागणी पुढच्या महिन्यातही असतेच.

मामा सांगत, की त्या दिवशी गरज नसलेल्या माणसांना टर्बाइनच्या मजल्यावरून खाली पाठवत. भार काढलेला असे. काटा तीन हजारांवरून हळूहळू वर चढू लागला की नेहमीचा घोंगावणारा आवाज बदलून बारीक आणि कर्कश होई. एक जण हातात बंद करण्याचा खटका धरून उभा असे, दुसरा मोठ्याने आकडे वाचत असे. बत्तीसशे, साडेबत्तीसशे. मग एकदम झडपा पडल्याचा दणका आणि आवाज उतरत जाई. त्यानंतर पहिले काम वहीत लिहायचे, कोणत्या आकड्यावर ट्रिप झाली ते. मागच्या वर्षीचा आकडा शेजारी असे. दोन्हींत फरक दिसला, तर त्या रात्री संच पुन्हा सुरू होत नसे.